नाशिकच्या बिबट्याचा बारा महिने अभ्यास हवा: महापालिका, वनविभाग आणि पोलिसांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका
मा. उपवनसंरक्षक, पश्चिम भाग, नाशिक
मा. पोलीस आयुक्त, नाशिक शहर

सविनय नमस्कार.

मी नाशिकमधल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. आपल्या तिघांना एकाच पत्रात लिहिण्याचं कारण असं की, शहरात बिबट्या शिरला की आपल्या तिघांचीही माणसं धावून जातात, जिवावर उदार होऊन काम करतात आणि पिंजऱ्याचं दार पडलं की सगळं गाव सुटकेचा श्वास सोडतं. पुढचा बिबट्या येईपर्यंत विषय मिटतो. माझी विनंती या मधल्या काळाबद्दल आहे. नाशिक शहर आणि त्याला लागून असलेला नदीकाठ, या पट्ट्यात माणूस आणि बिबट्या कुठे, कोणत्या वेळी आणि कशामुळे समोरासमोर येतात याचा बारा महिने चालणारा अभ्यास आपण मिळून सुरू करावा. तोही सिंहस्थाची गर्दी उसळण्याआधी.

गेल्या काही वर्षांतल्या घटना आपल्याला ठाऊक आहेत, तरी त्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात असं मला वाटतं. जानेवारी 2019 मध्ये गंगापूर रोडच्या सावरकरनगरात बिबट्या आला. त्यात लोकप्रतिनिधी, पत्रकार आणि वनकर्मचारी जखमी झाले. नोव्हेंबर 2023 मध्ये गोविंदनगर आणि सिडकोतलं सावतानगर, अशा दोन ठिकाणी एकाच दिवशी दोन बिबटे पकडले गेले. नोव्हेंबर 2025 मध्ये महात्मानगर परिसरात पुन्हा तोच थरार झाला, माणसं जखमी झाली आणि त्यांत वनविभागाचे लोकही होते.

आता दुसरी बाजू. 2020 मध्ये दारणाकाठच्या गावांत लहान मुलांवर हल्ले झाले, जीव गेले. 2025 मध्ये वडनेर दुमाल्याच्या भागात एका चिमुकल्याचा बळी गेला.

या दोन प्रकारच्या घटना आपण एकाच नावाखाली टाकतो आणि दोन्हींवर एकच उपाय करतो: पिंजरा. पण नीट पाहिलं तर त्यांत साम्य फार थोडं आहे. कॉलनीतल्या घटनेत दिवस असतो, भोवती शेकडो माणसं असतात, जनावर कोंडलेलं असतं आणि त्याला बाहेर पडायची वाट सापडत नसते. वाटेत येईल त्याला पंजा मारून ते पुढच्या कंपाउंडमध्ये उडी घेतं. तिथे जखमी होतात ती बहुतेक मोठी माणसं. मळ्यातल्या घटनेत तिन्हीसांज किंवा रात्र असते, गर्दी नसते, अंगणात किंवा घराच्या कडेला एकटं मूल असतं. पहिल्या प्रकारात प्रश्न गर्दीचा आहे. दुसऱ्यात घराच्या रचनेचा, उजेडाचा, उसाच्या अंतराचा आणि कदाचित त्या एका विशिष्ट जनावराचा. रोग दोन आणि औषध एक, असं आपलं चाललं आहे.

अभ्यासाने काय कळू शकतं, हे पाहायला परदेशात जायची गरज नाही. सिन्नर आणि इगतपुरीच्या सीमा ओलांडल्या की अकोले तालुका लागतो. तिथे ऊस, भाजीपाला आणि वस्त्यांच्या मुलखात वन्यजीव अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रॅप कॅमेरे, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावून काम केलं. ते 2013 मध्ये प्रसिद्ध झालं. दर चौरस किलोमीटरला 300 माणसं राहतात अशा त्या भागात, जिथे म्हणावं असं जंगलही नाही, दर 100 चौरस किलोमीटरला जवळपास पाच मोठे बिबटे निघाले आणि तरसही तेवढेच. ही जनावरं रस्ता चुकून आलेली नव्हती. तिथेच राहत होती, तिथेच पिल्लं वाढवत होती.

पद्धत सांगते, कारण ती आपल्याला इथे करता येण्यासारखी आहे. बांधावर किंवा ओहोळाच्या पायवाटेवर समोरासमोर दोन कॅमेरे गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधतात. दोन अशासाठी की बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे ठिपके वेगळे असतात आणि दोन बिबट्यांचे ठिपके कधीच सारखे नसतात. दोन्ही कुशींचे फोटो मिळाले की प्रत्येक जनावराची ओळख पक्की होते. मग आज चेहेडीला दिसलेला आणि पंधरवड्याने पळशाला दिसलेला एकच की दोन, हे छातीठोकपणे सांगता येतं. आज एका गावात चार जणांना बिबट्या दिसला की चार बिबटे असल्याची बातमी होते, ती थांबेल.

2014 मध्ये आणखी एक काम प्रसिद्ध झालं. पाच बिबट्यांना जीपीएस कॉलर लावून त्यांच्या हालचाली पाहिल्या होत्या. त्यांतले चार महाराष्ट्रातले होते. त्यातली एक गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगते आणि दर वर्षी वर्ग शांत होतो. दाट वस्तीत राहणारे बिबटे रात्रीच्या नोंदींपैकी सुमारे 20 टक्के वेळा कुठल्या ना कुठल्या घरापासून 25 मीटरच्या आत होते. दिवसा हेच प्रमाण एक टक्क्याहूनही कमी. रात्री ते तासाला सरासरी 339 मीटर चालत, दिवसा जेमतेम 60. पकडलेल्या जागेजवळच सोडलेल्या तिघांचा संसार 8 ते 15 चौरस किलोमीटरमध्ये चालला होता. याचा सरळ अर्थ असा की, माणूस झोपला की बिबट्या उठतो आणि माणूस उठायच्या आत तो उसात किंवा नाल्याच्या झाडोऱ्यात दडतो. जो दिवसा रस्त्यावर आला, त्याचं काहीतरी बिनसलेलं आहे. काय बिनसलं, ते शोधायचं सोडून आपण फक्त त्याला उचलतो.

उचलून नेण्याचं काय होतं, तेही याच मुलखात घडून गेलं आहे. 2001 पासून जुन्नर भागात मोठ्या संख्येने बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले. त्याआधी त्या भागात वर्षाला सरासरी चार हल्ले माणसांवर होत होते. मोहिमेनंतर ती सरासरी 17 वर गेली. कारण समजायला अवघड नाही. जागा धरून बसलेला, माणसाची सवय असलेला बिबट्या गेला की त्याच्या रिकाम्या जागेवर दुसरा येतो, बहुधा तरुण आणि त्या भागाला नवखा. आणि जो नेला, तो अनोळखी मुलखात, पिंजऱ्याच्या मारामुळे बिथरलेला, घराची वाट शोधत फिरतो. वर सांगितलेल्या कामातला एक नर 52 किलोमीटर दूर नेऊन सोडला होता. तो 37 दिवसांत सरळ रेषेत 89 किलोमीटर चालून गेला. 2009 मध्ये पारनेरच्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या माळशेज घाटात सोडला, तर तो मुंबईच्या बाजूला पोहोचला. वाटेत महामार्ग होते, रेल्वेचे रूळ होते, गावं होती, आणि त्याने कुणाला हातही लावला नाही.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 2011 मध्ये बिबट्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत हा अनुभव उतरला आहे. सरसकट पकडणं आणि दूर नेऊन सोडणं टाळावं, गर्दी आवरायला पोलीस आणि महसूल यंत्रणेने आधीच तयार असावं, असं त्यांत स्पष्ट आहे. ज्या बिबट्याने माणूस मारला आहे त्याला पकडायलाच हवं, याबद्दल माझं दुमत नाही. मात्र तो तोच आहे, हे कळायला आधी ओळख पटवणारी नोंद लागते.

आता आपल्या शहराकडे येऊ. माझ्या मते नाशिकच्या प्रश्नाची किल्ली नद्यांत आहे. गंगापूर धरणापासून सोमेश्वर, आनंदवल्लीवरून गोदावरी शहरात उतरते, रामकुंड, तपोवन करून दसक-पंचकमार्गे एकलहऱ्याकडे जाते. नासर्डी सातपूर-सिडकोच्या मधून वाट काढत टाकळीजवळ गोदावरीला मिळते. वालदेवी पाथर्डी, वडनेर, विहितगाव करत चेहेडीला दारणेत उतरते. या सगळ्या काठांवर वेडी बाभूळ, घाणेरी आणि उंच गवत माजलेलं आहे. रात्री तिथे दिवा नाही, माणूस नाही. देवळाली कॅम्पच्या बाजूला लष्कराचं मोठं मोकळं रान आहे. पांडवलेणी आणि चामरलेणीचे डोंगर शहराला चिकटलेले आहेत. नकाशावर बोट फिरवलं तरी लक्षात येतं की, बिबट्याला मळ्यातून थेट कॉलनीच्या मागच्या भिंतीपर्यंत यायला एकही मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही, पुलाखालून यावं लागतं. हा माझा अंदाज आहे. तो खरा की खोटा हे पुलांखाली बारा महिने कॅमेरे लावले तर समजेल. कोणत्या पुलाखालून वावर आहे ते कळलं, तर काठाचं सुशोभीकरण करताना कुठे उजेड हवा, कुठे अंधार राहू द्यावा आणि कोणत्या भिंतीमुळे जनावर कोंडलं जाईल, हे आधी ठरवता येईल. गोदाकाठच्या कामांच्या निविदा महापालिका काढते आणि बिबट्याचे ठसे वनरक्षक मोजतात. ही दोन माणसं एका टेबलावर बसायला हवीत.

दुसरी किल्ली कुत्र्यांत आहे. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला तेव्हा त्याच्या खाण्यातला वजनाने 87 टक्के वाटा पाळीव आणि भटक्या जनावरांचा निघाला. त्यात कुत्रा पहिल्या नंबरावर होता, एकटाच 39 टक्के. शेळीपेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे शहराच्या कडेला जिथे कोंबडीच्या दुकानातली घाण रात्री नदीत किंवा मोकळ्या प्लॉटवर टाकली जाते, तिथे कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. घंटागाडी कुठे पोहोचत नाही, हॉटेलांचा उरलेला कचरा कुठे पडतो, निर्बीजीकरण कोणत्या भागात मागे पडलं आहे, ही सगळी माहिती महापालिकेच्या वेगवेगळ्या विभागांकडेच असणार. ती बिबट्याच्या नोंदींच्या नकाशावर ठेवून पाहण्याचं काम मात्र कुणीतरी अंगावर घ्यायला हवं. विष्ठा गोळा करून, धुऊन, त्यातले केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहून भक्ष्य ओळखणं हे बीएस्सीच्या विद्यार्थ्यांना शिकवता येतं. मी शिकवते.

तिसरी गोष्ट माणसांची, आणि तिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. मांसाहारी प्राण्यांच्या अभ्यासात जनावराइतकाच माणसाचा अभ्यास करावा लागतो: कोण कशाला घाबरतं, कुणाचं नुकसान होतं, कोण तक्रार करतं, कोण गप्प बसतं. दारणाकाठी एका मळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन गेले होते. घराच्या मागे दहा पावलांवर ऊस. पाण्याच्या टाकीशेजारी, ओल्या मातीत, मोटरसायकलच्या चाकाच्या खुणेवरच ठसा उमटलेला होता. नखांच्या खुणा नव्हत्या, म्हणजे कुत्र्याचा नाही. त्या घरच्या आजींना दाखवला तर त्यांना काही नवल वाटलं नाही. बांधावरून तो येतो-जातो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी गोठ्याला वरून खालून जाळी ठोकून घेतली होती, दिवेलागणीनंतर नातवंडं अंगणात थांबत नव्हती आणि रात्री बाहेर जायचं तर मोबाइलवर अभंग मोठ्याने लावून जायचं, असा घरचा नेम होता. त्यांची एकच तक्रार होती. शेतीपंपाला वीज रात्रीची येते, त्यामुळे मुलाला पाणी भरायला अंधारात उसात उतरावं लागतं.

बिबट्याच्या प्रश्नातला हा भाग कुठल्या वनविभागाच्या अहवालात यायचा? तो महावितरणच्या वेळापत्रकाचा भाग आहे. म्हणून माणसांना विचारावं लागतं, नीट, घरोघर जाऊन. ऊसतोडीच्या टोळ्यांना विचारावं लागतं, कारण तोडणीच्या हंगामात सरीत पिल्लं सापडतात ती त्यांनाच. पिल्लं तिथेच ठेवली तर रात्री आई येऊन घेऊन जाते, हे आपल्या वनविभागाने कितीतरी वेळा करून दाखवलं आहे आणि ते कौतुकाचं काम आहे. पण टोळीतल्या ज्या मजुराची खोपटी त्याच शेताच्या कडेला आहे आणि ज्याची लेकरं खोपटीबाहेर झोपतात, त्याच्या त्या रात्रीचं नियोजन कोण करतं? त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांवर वाघबारस होते, वाघदेवाला नैवेद्य दाखवला जातो. तिथल्या लोकांनी या जनावरासोबत राहण्याचे नियम पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आहेत. महात्मानगरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला असा एकही नियम माहीत नाही. त्यात त्याचा दोष नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही.

मुंबईने हे केलं आहे. 2004 च्या उन्हाळ्यात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती एकामागून एक माणसं बळी गेली, तेव्हा तिथेही पिंजऱ्यांचीच मागणी होती. पुढे 2011 पासून वनविभाग, अभ्यासक आणि नागरिक एकत्र आले. कॅमेरे लागले, वस्त्यांत आणि शाळांत बैठका झाल्या, पत्रकारांशी बोलणं झालं, कचऱ्याचा विषय महापालिकेकडे नेला गेला. 2015 मध्ये त्या परिसरात 35 बिबटे मोजले गेले, 2018 मध्ये 47. बिबटे कमी झाले म्हणून शांतता आली, असं तिथे कुणी म्हणू शकत नाही. अमेरिकेतल्या शिकागोत कोयोटी या लांडग्याच्या जातकुळीतल्या रानटी प्राण्यावर 2000 सालापासून आजतागायत एकच अभ्यास चालू आहे. प्रश्न सुटला म्हणून तो बंद केला नाही, कारण शहर बदलत राहतं आणि जनावरही त्याप्रमाणे बदलत राहतं.

आपल्याकडे 2022 च्या गणनेत महाराष्ट्रात 1,985 बिबट्यांचा अंदाज निघाला. तो मुख्यतः जंगलांतला आहे. निफाडच्या उसातला, दारणाकाठचा, गोदेच्या पुलाखालचा बिबट्या त्या आकड्यात नाही. असं असताना नसबंदीची, संख्या कमी करण्याची चर्चा नाशिकसाठीही होते. किती आहेत ते माहीत नसताना किती कमी करायचे, हे कोणत्या हिशोबाने ठरवणार?

ज्या घरातलं मूल गेलं, त्या घरासमोर उभं राहून ‘अभ्यास करू’ म्हणणं किती कठीण आहे याची मला जाणीव आहे. त्या आईला सहजीवनाचे धडे देण्याचा अधिकार मला नाही, आपल्यालाही नाही. तिच्या दुःखातून उठलेला ‘पिंजरा लावा’ हा आवाज अगदी खरा आहे, आणि त्या गावात पिंजरा लागलाच पाहिजे. पण पिंजऱ्यात सापडलेलं जनावर तेच होतं का, हे तिला सांगता आलं पाहिजे. आज तिच्या शेजारणीला आपलं लेकरू सुरक्षित आहे असं वाटतं ते केवळ कुठलातरी एक बिबट्या गाडीत घालून नेला म्हणून. हा दिलासा खोटा ठरू शकतो आणि त्याची किंमत पुन्हा एक मूल मोजेल. मृत्यूनंतर शासन कुटुंबाला 25 लाख रुपये देतं. ते दिलेच पाहिजेत. मृत्यू होऊ नये म्हणून जाणून घेण्याच्या कामालाही अंदाजपत्रकात स्वतःचं लेखाशीर्ष असावं.

मा. पोलीस आयुक्त, गर्दीबद्दल आपल्याला वेगळं लिहिते. बेशुद्धीचं इंजेक्शन बंदुकीतून लागल्यावर बिबट्या तिथल्या तिथे कोसळत नाही. दहा-पंधरा मिनिटं जातात, आणि भेदरलेला असेल तर आणखी जास्त. नेमक्या त्या मिनिटांत गच्चीवरून आरोळ्या येतात, कुणी दगड मारतं, कुणी मोबाइल उंच धरून भिंतीवर चढतं. हल्ले त्याच वेळी होतात. डार्ट मारणाऱ्या माणसाला मोकळी जागा आणि शांतता मिळणं, ही त्याच्या जिवाची बाब आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली जमावबंदीचा आदेश काढता येतो. त्याचा मसुदा तयार असावा, कोणत्या पोलीस ठाण्यातून किती माणसं येतील आणि किती अंतरावर दोर बांधला जाईल हे आधी ठरलेलं असावं. प्रत्येक अशा घटनेनंतर तिघांच्या माणसांनी बसून मिनिटामिनिटाचा वृत्तांत लिहावा: पहिला फोन कधी आला, जनावर कुठून कुठे गेलं, कोणाला कुठे जखम झाली, त्या क्षणी भोवती किती माणसं होती. असे पाच वृत्तांत हाताशी आले की सहाव्या वेळेला काय करायचं याबद्दल वाद उरणार नाही.

मागणं एवढंच आहे. महापालिका आणि वनविभागाने मिळून एक कायम नोंदकक्ष काढावा. वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर आलेला प्रत्येक फोन, सापडलेला प्रत्येक ठसा, मेलेली प्रत्येक शेळी, रस्त्यावर गाडीखाली गेलेला प्रत्येक बिबट्या आणि तरस तिथे तारीख, वेळ आणि जागेसह नोंदवला जावा. पकडलेल्या प्रत्येक बिबट्याच्या शेपटीच्या मुळाशी मायक्रोचिप बसवावी, दोन्ही कुशींचे फोटो घ्यावेत आणि तो पुन्हा कुठे सापडला तर ते जाहीर करावं. माणसांची नावं-पत्ते झाकून ही माहिती सगळ्यांना पाहता यावी. नदीकाठच्या निवडक पुलांखाली आणि दारणा-वालदेवीच्या पट्ट्यात कॅमेरे लागावेत. घरोघरच्या मुलाखतींचं काम शहरातल्या आणि तालुक्यांतल्या महाविद्यालयांना द्यावं. प्राणिशास्त्रासोबत समाजशास्त्राच्या मुलांनाही त्यात घ्यावं. पूर्ण वर्षाची माहिती हवी, कारण उभ्या उसातला बिबट्या आणि तोडणीनंतरचा बिबट्या वेगळा वागतो.

2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात इथे लाखोंची गर्दी असेल. तपोवनापासून पुढे साधुग्राम, अन्नछत्रं, वाहनतळ, नवे रस्ते, रात्रभर दिवे. त्या अन्नाचा उरलेला भाग, त्यावर जमणारी कुत्री आणि काठावरून हटलेला झाडोरा यांचा बिबट्याच्या वावरावर काय परिणाम होतो हे समजायला, आधीचं किमान एक वर्ष नोंदलेलं असावं लागतं. तेवढा वेळ हातात आहे, पण फार नाही.

माझ्या विभागाकडे सूक्ष्मदर्शक आहेत, संदर्भासाठी प्राण्यांच्या केसांच्या काचपट्ट्या आहेत आणि पहाटे उठून नदीकाठ तुडवायला तयार असलेली मुलं-मुली आहेत. वनक्षेत्रात आणि काठावर काम करण्याची परवानगी आणि सोबत एक वनरक्षक एवढं मिळालं, तर वालदेवीच्या पट्ट्यातलं ठसे आणि विष्ठा गोळा करण्याचं काम येत्या हिवाळ्यात सुरू करता येईल. तिन्ही कार्यालयांच्या प्रतिनिधींची एकत्र बैठक आपण बोलवावी. मी नकाशे घेऊन येते.

आपली,
नाशिकमधील एक प्राणिशास्त्र शिक्षिका